घरीच शिकवणं गुन्हा आहे का? कायदा कुठे बोलतो आणि कुठे गप्प आहे

कराडजवळच्या गावातून एका ताईंनी विचारलं आहे. मुलगी सात वर्षांची. पहिली झाल्यावर तिला शाळेतून काढलं आणि आता नवरा-बायको मिळून घरीच शिकवतात. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला आलेल्या गुरुजींनी तिचं नाव लिहून नेलं, तेव्हापासून सासूबाई धास्तावल्या आहेत. जुनी शाळा ‘पुढच्या शाळेचं नाव आणा, मगच दाखला’ म्हणते. बहीण नोकरीसाठी जर्मनीला निघाली आहे आणि तिलाही मुलाला घरीच शिकवायचं आहे. हे बेकायदा आहे का, पोलीस येतील का, आणि ही मोकळीक टिकवायची कशी, असा प्रश्न आहे.

मी वकील आहे. शिक्षण हक्क कायद्याखालची कामं बरीच वर्षं करते आणि घरी शिकवणारी कुटुंबंही माझ्याकडे येतात. त्या अनुभवावरून सांगते.

ताई, आधी सासूबाईंना सांगा की यासाठी पोलीस दारात यायचं काही कारण नाही. घरी शिकवणं हा शिक्षण हक्क कायद्याखाली गुन्हा नाही. पण ‘कायद्याने परवानगी आहे’ असं कुणी सांगितलं तर तेही धरून चालू नका. या दोन्हींच्या मध्ये जी जागा आहे तिथे तुम्ही उभ्या आहात, आणि ती जागा नीट ओळखली की भीती बरीचशी जाते.

२००२ मध्ये ८६वी घटनादुरुस्ती झाली. तिने घटनेत अनुच्छेद २१-अ आणला: सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण. त्याच दुरुस्तीने मूलभूत कर्तव्यांत, अनुच्छेद ५१-अ मध्ये, पालकांसाठी एक कलम जोडलं. त्यात आईवडिलांनी सहा ते चौदा वयाच्या पाल्याला ‘शिक्षणाच्या संधी’ द्याव्यात असं म्हटलं आहे. दोन्ही ठिकाणी शब्द ‘शिक्षण’ आहे, ‘शाळा’ नाही. शाळा आली ती नंतर, बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मधून. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचं कलम ३ मुलाला जवळच्या शाळेत शिकण्याचा हक्क देतं. कलम ८ सांगतं की सक्ती म्हणजे सरकारवरची सक्ती: शाळा उपलब्ध करणं, प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं याची जबाबदारी शासनाची. आणि कलम १० म्हणतं की पाल्याला जवळच्या शाळेत दाखल करणं हे प्रत्येक पालकाचं कर्तव्य राहील.

तुमच्या अंगावर येणारं कलम हे दहावं. त्याच्या शब्दांत पळवाट नाही, तेव्हा ‘हे कलम आम्हाला लागूच होत नाही’ असा युक्तिवाद करू नका. मात्र हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकाला दंड किंवा शिक्षा असं काहीही या कायद्यात ठेवलेलं नाही. ते विसरून राहिलं असं मला वाटत नाही. याच कायद्यात विनामान्यता शाळा चालवणाऱ्याला एक लाखापर्यंत दंड आहे, आणि तरीही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. जिथे शिक्षा हवी होती तिथे ती आकड्यासह लिहिली. पालकांच्या बाबतीत ती लिहिलेली नाही, कारण कायदा ज्यांच्यासाठी आला ते पालक वीटभट्टीवरचे, ऊसतोडीला जाणारे आहेत. त्यांना दंड करून मूल शाळेत येत नसतं.

२०१२ मध्ये या कायद्यात एक दुरुस्ती झाली. बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय निवडण्याचा हक्क कलम ३ मध्ये स्पष्ट शब्दांत दिला गेला. घरी शिकवणारे बरेच पालक हे उदाहरण आपल्या बाजूने देतात. जपून द्या. समोरचा सरकारी वकील हेच उलटं फिरवतो: एका गटाला मुभा स्पष्टपणे दिली, याचा अर्थ बाकीच्यांना ती नाही. तुमच्या मुलीला तसं अपंगत्व असेल तर मात्र हे कलम तुमची पक्की ढाल आहे, आणि मग पुढचं बरंचसं तुम्हाला वाचायचीही गरज नाही.

त्याच वर्षी केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने दिल्ली उच्च न्यायालयात एक शपथपत्र दिलं होतं. स्वेच्छेने घरी शिकवणाऱ्या पालकांना हा कायदा आडवा येत नाही, असा त्याचा आशय. लोक त्याची प्रत अजून फिरवतात. मी माझ्या पक्षकारांना सांगते की त्यावर भिस्त ठेवू नका. शपथपत्र म्हणजे सरकारची त्या वेळची भूमिका. ती बदलता येते, आणि ती म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे.

मग न्यायालयात जायची वेळ आलीच तर टिकेल असा मुद्दा कोणता? ‘शिक्षण हा आमचा हक्क आहे, आम्हाला तो नको’ हा मुद्दा टिकत नाही. मूलभूत हक्क सोडून देता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये बशेशर नाथ प्रकरणात सांगून ठेवलं आहे. शिवाय हा हक्क तुमचा नाहीच, मुलीचा आहे. तिच्या वतीने तुम्ही तो टाकून देऊ शकत नाही. टिकण्याजोगा मुद्दा असा: मुलीला घटनेने दिलेलं शिक्षण तिला मिळतं आहे, पूर्णपणे मिळतं आहे, आणि हे आम्ही दाखवू शकतो. पालकांचं स्वातंत्र्य या एका वाक्यावर उभं आहे. मुलाच्या हक्काला बाजूला सारून मागितलेलं स्वातंत्र्य न्यायाधीशासमोर पाच मिनिटं टिकत नाही, आणि टिकूही नये असं माझं मत आहे. शाळेतून काढून घरकामाला किंवा दुकानात बसवलेल्या मुलीही मी पाहिल्या आहेत. त्यांच्या घरीही ‘आम्ही घरीच शिकवतो’ असंच सांगितलं जातं.

आता सर्वेक्षण. आपल्याकडे ४ जुलै २०१५ ला राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांची पाहणी झाली, २०२२ च्या जुलैत ‘मिशन झिरो ड्रॉपआऊट’ झालं, आणि अधूनमधून अशा मोहिमा होतच असतात. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणं हे कलम ९ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाचं कामच आहे. तुमच्या दारात आलेले गुरुजी शत्रू नाहीत. बहुतेक वेळा ते जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक असतात, आपले वर्ग सोडून उन्हातान्हात फिरत असतात. त्यांच्या तक्त्यात मूल शाळेत नसण्याची कारणं असतात: स्थलांतर, कामावर जाणं, धाकटी भावंडं सांभाळणं, आजारपण. घरी व्यवस्थित शिकणाऱ्या मुलासाठी मी तरी त्यात रकाना पाहिलेला नाही. म्हणून ते ‘शाळाबाह्य’ लिहून मोकळे होतात. त्यांच्याशी वाद घालू नका, दार लावून घेऊ नका, मुलीला आतल्या खोलीत लपवू तर अजिबात नका. लपवलेलं मूल पाहिलं की प्रामाणिक माणसाच्याही मनात शंका येते. चहा द्या, मुलीला समोर बसवा, आणि सांगा की आम्ही लेखी कळवतो.

आणि खरंच लेखी कळवा. पत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे, पंचायत समितीत. प्रत केंद्रप्रमुखांना. पत्र एका पानाचं पुरे: मुलीचं नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, घरी कोण काय शिकवतं, कोणती पाठ्यपुस्तकं आणि साधनं वापरता, कोणत्या परीक्षेला बसवणार आहात, आणि केव्हाही येऊन मुलीशी बोला, अशी विनंती. ‘परवानगी मिळावी’ असं लिहू नका. परवानगी देणारं कलमच नाही, त्यामुळे अधिकाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याखेरीज दुसरं काही लिहिता येत नाही, आणि तो नकार पुढे तुमच्याच विरुद्ध वापरला जातो. ‘माहितीस्तव सादर’ लिहा.

पत्राला आधार देते ती फाईल. हिच्यावर मी सगळ्यात जास्त भर देते. नाशिक जिल्ह्यातल्या एका कुटुंबाची फाईल मला नेहमी आठवते. त्या बाईंनी वेगळा असा काही पसारा केला नव्हता. एक दोनशे पानी वही, दर रविवारी अर्धं पान: या आठवड्यात काय वाचलं, काय मोजलं, कुठे अडलं. एका पानावर होतं: ‘द्राक्षाच्या पेट्यांची बेरीज केली, हातच्याचा गोंधळ होतो. पुन्हा घेणे.’ तीन आठवड्यांनी पुढे: ‘हातचा जमला.’ सोबत मुलाच्या हस्ताक्षरातले कागद, तारखेसकट. केंद्रप्रमुख आले, ओसरीवर बसून त्यांनी वही चाळली, मुलाला वर्तमानपत्रातली बातमी वाचायला लावली, दोन तोंडी गणितं घातली आणि तसा शेरा लिहून दिला. त्या शेऱ्याची किंमत कोणत्याही शपथपत्रापेक्षा जास्त आहे, कारण तो त्या मुलाबद्दल आहे.

फाईल कशी लावावी, याचं उत्तर कायद्यातच आहे. कलम २९ मध्ये अभ्यासक्रम कसा असावा ते सांगितलं आहे: घटनेतल्या मूल्यांशी सुसंगत, मुलाच्या सर्वांगीण विकासाचा, कृतीतून आणि शोधातून शिकवणारा, शक्य तितकं मातृभाषेतून, भीती आणि दडपणाशिवाय, सतत मूल्यमापन करणारा. हे शाळांसाठी लिहिलेलं आहे. तुम्ही तुमच्या नोंदी याच मुद्द्यांखाली लावा. अधिकारी ज्या कायद्याचं नाव घेऊन आला आहे त्याच कायद्याच्या मोजपट्टीवर तुमचं घर उतरतं, हे त्याला पहिल्या पानावर दिसू द्या.

परीक्षांबद्दल. आठवीपर्यंत बोर्डाची परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट हा कायदा घालत नाही, पण तरीही मुलीकडे कागद असावा. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची परीक्षा दहा वर्षं पूर्ण झाल्यावर आणि आठवीची तेरा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. केंद्राच्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत, म्हणजे एनआयओएसमध्ये, अ, ब आणि क स्तर आहेत, ते तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे. दहावीला तिथे चौदा वर्षं पूर्ण लागतात. आठवीचं प्रमाणपत्र नसेल तरी दहावीचा अभ्यास झेपेल असं स्वयंघोषणापत्र चालतं. विषय एकेक करून, पाच वर्षांच्या मुदतीत सोडवता येतात. राज्य मंडळाकडून खाजगीरीत्या दहावीला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो, आणि तिथे शाळा सोडल्याचा मूळ दाखला मागतात. तुमच्या दाखल्याचा प्रश्न इथे येऊन भिडतो, त्याकडे शेवटी येते.

बारावीचं प्रमाणपत्र टाळू नका. मुंबईच्या एका मुलीला २०१६ मध्ये माहितीशास्त्र ऑलिंपियाडच्या पदकांवर अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला, पण बारावीचा कागद नाही म्हणून आपल्या आयआयटीचं दार तिला बंदच होतं. अशा मुली विरळा. बाकीच्यांना तो कागद लागतोच. मुक्त विद्यालयाचा कागद चालतो का, ही शंकाही नेहमी येते. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेसाठी मुक्त विद्यालयातून आलेल्यांना अपात्र ठरवणारी अट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली. एक काळजी मात्र घ्या: एनआयओएसचं केंद्र महाराष्ट्रातलंच निवडा. राज्याच्या कोट्यातून व्यावसायिक प्रवेश घेताना दहावी-बारावी महाराष्ट्रातून झाली का ते पाहतात.

आणखी एक गोष्ट, जी शहरातल्या खुल्या प्रवर्गातल्या पालकांच्या लक्षात येत नाही, म्हणून घरी शिकवण्याबद्दलच्या चर्चांत ती येतही नाही. तुम्ही मागास प्रवर्गातल्या असाल तर मुलीच्या जातवैधतेचा विचार आजच करा. पडताळणी समिती अर्जदाराच्या प्राथमिक शाळेतला दाखला, जनरल रजिस्टरचा उतारा मागते. मुलीचं नाव पहिलीच्या रजिस्टरला लागलं आहे, ही तुमच्यासाठी जमेची बाजू आहे. तो उतारा मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याने आत्ताच काढून ठेवा, जातीची नोंद आणि नावाचं शुद्धलेखन तपासून. ज्यांनी मुलांना कधीच शाळेत घातलं नाही त्यांना वडिलांच्या आणि आजोबांच्या नोंदींवर सगळं उभं करावं लागतं, आणि त्यात फार दमछाक होते.

तुम्ही लिहिलंय की शेजारच्या गावातली चार कुटुंबं तयार आहेत, मिळून एक बाई नेमून शेतातल्या खोलीत मुलांना बसवायचा विचार आहे. थांबा. चार घरांनी आळीपाळीने एकमेकांच्या मुलांना शिकवणं वेगळं. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, पगारी शिक्षिका आणि महिन्याचे पैसे असं झालं की ते विनामान्यता शाळेसारखं दिसायला लागतं, आणि मघाशी सांगितलेला दंड त्या दिशेने येतो. तसंच, यजमानांचं दुकान असेल आणि मुलगी तिथे हिशेब शिकत असेल तर तेही मर्यादेत ठेवा. बालमजुरी कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीत चौदा वर्षांखालच्या मुलाला घरच्या धंद्यात मदत करायला मुभा आहे, पण ती शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत. घरी शिकणाऱ्या मुलाची शाळेची वेळ कोणती, हा वाद दुकानात उभं राहून घालायची वेळ येऊ देऊ नका.

बहिणीला मात्र स्पष्ट सांगा की जर्मनीत हे चालणार नाही. तिथे शाळेत जाणं सक्तीचं आहे आणि ते सक्तीने राबवतात. २०१३ मध्ये डार्मश्टाटजवळच्या वुंडरलिश कुटुंबातली चार मुलं अधिकाऱ्यांनी घरातून नेली आणि काही आठवडे आईवडिलांपासून दूर ठेवली. प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेलं, आणि जानेवारी २०१९ मध्ये निकाल जर्मनीच्या बाजूने लागला. इंग्लंडमध्ये उलट आहे: १९९६ च्या शिक्षण कायद्याचं कलम ७ मुलाला योग्य शिक्षण ‘शाळेत किंवा अन्यथा’ मिळावं असं म्हणतं, आणि तिथली घरी शिकवण्याची मुभा त्या ‘अन्यथा’वर उभी आहे. अमेरिकेत पन्नासही राज्यांत घरी शिकवता येतं, नियम राज्यागणिक वेगळे. परदेशी जाणाऱ्या मराठी घरांनी व्हिसाच्या आधी हे पाहावं. इथली सवय तिथे अंगलट येऊ शकते.

फ्रान्सकडे मी विशेष लक्ष द्यायला सांगते. तिथे पूर्वी घरी शिकवायचं तर नुसतं कळवावं लागायचं आणि मग तपासणी व्हायची. २०२१ च्या कायद्याने ‘कळवणं’ जाऊन ‘पूर्वपरवानगी’ आली आणि २०२२ च्या शैक्षणिक वर्षापासून ती लागू झाली. कळवणं आणि परवानगी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्याकडे कधीतरी नियम होईल, व्हायलाच हवा, कारण आजची ही गप्प जागा एखाद्या परिपत्रकाने कधीही बंद होऊ शकते. त्या वेळी पालकांनी एकमुखाने मागायचं ते हे: लेखी कळवणं, सर्वेक्षणाच्या तक्त्यात स्वतंत्र रकाना, वर्षातून एकदा मुलाशी आणि त्याच्या कामाशी भेट, आणि शाळेत परत यायचा रस्ता कायम खुला. तपासणीला विरोध करू नका. जो पालक नीट शिकवतो त्याला वर्षातून एक भेट जड नसते, आणि ज्या मुलीला घरात कोंडून ठेवलंय तिच्यासाठी ती एकच खिडकी असू शकते. शिक्षण हक्क कायदाच मोडीत काढा म्हणणाऱ्यांच्या रांगेतही उभ्या राहू नका. कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश आणि कलम १५ प्रमाणे वर्षात केव्हाही प्रवेश, या दोन्ही तरतुदी तुमच्या मुलीच्याही आहेत. उद्या तिनेच ‘मला शाळेत जायचंय’ म्हटलं तर याच कायद्याच्या जोरावर तुम्ही तिला सहावीत नेऊन बसवाल.

राहिला दाखला. मुख्याध्यापकांचा अडेलपणा आहे असं समजू नका. कलम ५ मधला दाखला दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलासाठी आहे, आणि ऑनलाइन प्रणालीतही मूल एका शाळेतून दुसऱ्या शाळेत पाठवायचं असतं. पुढची शाळाच नसेल तर त्यांच्या पटावर गळती दिसते आणि जाब त्यांना द्यावा लागतो. यावर काही जण ओळखीच्या शाळेत नुसतं नाव ठेवून घेतात. हजेरी लागत राहते, मूल घरी. हे करू नका. ती खोटी नोंद आहे, त्यात शिक्षकाची नोकरी अडकते, आणि पकडलं गेलं की तुमच्या खऱ्या कामावरही कुणी विश्वास ठेवत नाही. त्याऐवजी मुख्याध्यापकांना अर्ज द्या, गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवलेल्या पत्राची पोच त्याला जोडा, आणि दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ या ओळीत पालकांच्या अर्जावरून असं लिहून मागा. जबाबदारी तुम्ही लेखी घेतली की बरेच मुख्याध्यापक तयार होतात. अर्जावर आवक क्रमांक आणि तारीख घ्यायला विसरू नका. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर कलम ३२ खाली पंचायत समितीकडे लेखी तक्रार करा, तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो. त्यानंतर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे.